तेवढा फोटो राहू द्या

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी बिजागरी ढिली झाली आहे, म्हणून पाठीमागे जाड वह्या लावून मला बसवतात. मधेच पंखा घरघरला तर समजून घ्या.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. हातमोजे घातलेल्या कुणीतरी माझं झाकण पुसलं आणि खोक्यात ठेवलं, एवढंच. पुढे मला एका संस्थेनं घेतलं. गरोदर बायका आणि बाळंतिणी यांच्यासाठी काम करणारी ती संस्था. तिचे दवाखाने दूर, कार्यालय त्याहून दूर. आमच्या बाई मात्र घरूनच काम करत. जेवणाच्या टेबलाचं खिडकीकडचं टोक हेच त्यांचं ऑफिस. फोनवर जाणारे संदेश, नर्सबाईंसाठी पत्रकं, वर्षाचा अहवाल, सगळं तिथूनच निघायचं. ‘पाय सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबू नका, दवाखाना गाठा,’ एवढं एक वाक्य साधं व्हावं म्हणून त्यांनी ते माझ्यावर किती वेळा लिहिलं आणि खोडलं असेल.

सासूबाई शेजारणीला सांगायच्या, “सून घरीच असते. दिवसभर त्या डब्याशी बोलते.”

सुरुवातीला माझं कौतुक झालं. मग मी रडतखडत चालतो अशी तक्रार सुरू झाली. खरं तर बाईही थकत चालल्या होत्या. दुपारनंतर त्यांच्या मनगटांचा भार माझ्यावर जास्त पडायचा. ते मला कळायचं, पण सांगणार कुणाला?

यंदाच्या अहवालासाठी एका दवाखान्यातल्या नर्सबाईंनी फोटो पाठवला. बाळंतपणात फार रक्त गेलेली, पण वाचलेली एक तरुण आई आणि तिच्या मांडीवर चार दिवसांचं बाळ. तिची परवानगी घेऊन बाईंनी फोटोखाली लिहिलं, ‘आई आणि बाळ सुखरूप.’ तो फोटो पहिल्या पानावर गेला.

अहवाल छापायला जायचा त्या सकाळी नर्सबाईंचा फोन आला. आमच्याकडे असे फोन माझ्यावरूनच होत.

“ताई, ते बाळ गेलं हो. ताप डोक्यात गेला.”

बाईंनी विचारलं, “आणि ती?”

“बसून आहे नुसती.”

बाईंनी कार्यालयातल्या मोठ्या मॅडमना कळवलं. मॅडम वाईट नव्हत्या, घाईत होत्या. “फार वाईट झालं,” त्या म्हणाल्या. “पण आपण लिहिलं तेव्हा ते खरंच होतं ना? दुपारी छपाई आहे. आता नवं पान कुठून आणायचं?”

“तिला विचारल्याशिवाय मी पान पाठवणार नाही.”

“आणि छपाई टळली तर?”

“टळली तर टळली, मॅडम.”

बाईंचा आवाज चढला नव्हता. नर्सबाईंना निरोप देऊन त्यांनी फोटो नसलेलं दुसरं पान करून ठेवलं. तीनच्या सुमारास पुन्हा फोन आला. या वेळी ती आई स्वतः बोलत होती.

“तुमचा फोटो आम्ही काढून टाकतो,” बाई सांगू लागल्या.

“काढू नका,” ती म्हणाली. “त्याचा तेवढा एकच फोटो आहे. राहू द्या. खाली लिहिलंय तेवढं बदला.”

“काय लिहू?”

ती हळू म्हणाली, “लिहा, छत्तीस दिवस होता. दूध चांगलं प्यायचा.”

बाईंनी तेच लिहिलं. एक अक्षरही सुधारलं नाही. मॅडमनी पान वाचलं. काही मिनिटांनी त्यांचं उत्तर आलं, ‘असंच जाऊ दे.’ छपाई एका दिवसानं लांबली. कुणाचं काही अडलं नाही.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी येऊन माझं झाकण हलकेच लावलं. “ऊठ, जरा पड जा,” त्या म्हणाल्या. “चहाचं मी बघते.” बाई भरदिवसा आडव्या झाल्या. मी या घरात आल्यापासूनच्या सहा वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं.

आता माझ्या जागी नवा लॅपटॉप आला आहे. मला आतून कोरा करून संस्थेकडे परत पाठवायचं ठरलं आहे. त्याआधी बाईंनी तो फोटो कागदावर छापून घेतला, पुठ्ठ्यात घातला आणि दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवला.

मित्रांनो, थकलेल्या यंत्रांना जरा जपून हाताळा. कुणाच्या दुःखावर चार ओळी लिहाल, तेव्हा त्या आधी त्या माणसाला वाचून दाखवा. छपाई थोडी थांबू शकते.

पाकीट तिच्या हातात पडल्याचं नर्सबाईंनी काल कळवलं. आता मला खुशाल कोरा करा.