सहावा भाग

विक्रांत लंडनमध्ये जन्मला. आईवडील पुण्याहून गेलेले डॉक्टर. तिथल्या टीव्हीत सेटवर चहा पोचवण्यापासून सुरुवात करून तो विनोदी कार्यक्रमांचा प्रमुख झाला. लोक कशाला हसतात हे ओळखण्यावर त्याने अठ्ठावीस वर्षं पोट भरलं. तो विभागच बंद झाला तेव्हा पन्नाशी उलटलेला विक्रांत सिडनीच्या एका चॅनलवर आला.

तिथल्या हॅरिस पार्क या भारतीय वस्तीतल्या एका रेस्टॉरंटमध्ये त्याने मिहिरला ऐकलं. मिहिर आयटीवाला, वीकेंडला स्टँड-अप करायचा. वडिलांवरचे त्याचे किस्से ऐकून विक्रांतने त्याला त्यावरच सहा भागांची मालिका लिहायला दिली.

पाच भाग फारसे कुणी पाहिले नाहीत. त्यातच मिहिरच्या वडिलांना, श्रीनिवासरावांना, स्ट्रोक आला. हातपाय वाचले, बोलणं गेलं. चहा मागायला जावं तर तोंडातून ‘चप्पल’ हा शब्द यायचा.

"शेवटच्या भागात हे घे," विक्रांत म्हणाला.

"नको रे. बाबा रोज थेरपीला जातात. एकेक शब्द घोकत बसतात."

"हे नसेल तर दुसरा सीझन नाही. आणि इट्स फनी, मेट."

मिहिर दोन दिवस चॅनलच्या ऑफिसात फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी प्रसंग लिहून घेऊन आला. घरी मात्र काही बोलला नाही.

सहावा भाग तुफान चालला. श्रीनिवासरावांनी तो शेजाऱ्यांसोबत घरीच पाहिला. शेजारी आधी हसले, मग त्यांच्याकडे बघायचं टाळू लागले. दुसऱ्या दिवशी श्रीनिवासराव थेरपीला गेले नाहीत, आणि बोलायचा प्रयत्नच त्यांनी सोडून दिला. मिहिरने मालिकेचं काम सोडलं. चॅनलने विक्रांतला बढती दिली.

महिन्याभराने विक्रांत मिहिरच्या फ्लॅटवर गेला. दार श्रीनिवासरावांनी उघडलं.

"काका, मिहिरचा दोष नाही. मीच लिहायला लावलं. माफ करा."

म्हातारा बराच वेळ ओठ हलवत राहिला, मग आवाज फुटला. आतून मिहिर धावत आला. महिन्यात बाबा पहिल्यांदाच बोलत होते.

"लोक... जास्त... कुठे... हसले?"

विक्रांतला ते सेकंदासकट माहीत होतं. एडिटिंगला बसून प्रेक्षकांचा तो हशा त्यानेच लांबवला होता.

"तुमची व्यक्तिरेखा रडते तिथे," तो म्हणाला.

श्रीनिवासरावांनी मान हलवली आणि ते आत गेले. मिहिरने दार लावून घेतलं.

विक्रांतने राजीनामा दिला. दुसरा सीझन चॅनलने दुसऱ्या लेखकांकडून करून घेतला. श्रीनिवासराव त्यानंतर कुणाशीच बोलले नाहीत.