नेस्तोरच्या खणाखालची फळी

मी एक जुनी फळी आहे. फळी आपलं म्हणायचं म्हणून. खरं तर प्लायचा एक तुकडा, उंचीला वीतभरसुद्धा उरले नाही. रंग नाही, पॉलिश नाही. वाटेत दिसले तर तुम्ही मला उचलून चुलीत घालाल. पण मित्रांनो, घालण्याआधी माझं थोडं ऐकून घ्या.

चिली देशातल्या चिलोए बेटावरच्या बेलार्मिनो सुताराने मला एका मोठ्या तक्त्यातून कापलं. गुण्या लावून माझे कोपरे पाहिले, एक डोळा मिटून कडा पाहिल्या आणि म्हणाला, "सरळ आहे पोरगी." आयुष्यात एवढंच कौतुक माझ्या वाट्याला आलं. ते मी आजवर पुरवून पुरवून वापरलं.

माझं काम कपाटातलं. पुढे चौकट नसलेल्या कपाटात खणांची चॅनेलं, म्हणजे खण ज्यांवर सरकतो त्या छर्ऱ्यांच्या लोखंडी पट्ट्या, थेट दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर बसतात. एक बाजू केसभर वर गेली की खण जन्मभर कुरकुरत राहतो. म्हणून बेलार्मिनो मला कपाटाच्या तळावर उभी करायचा, माझ्या डोक्यावर चॅनेल टेकवायचा, पुढच्या कडेपासून मापाने आत घ्यायचा आणि मगच स्क्रू मारायचा. नंतर तीच मी पलीकडच्या बाजूला. दोन्हीकडे एकच फळी, मग फरक पडेलच कसा? सगळ्यात वरचा खण आधी झाला. मग मला कापून आखूड केलं आणि मधला खण बसवला. पुन्हा कापलं आणि खालचा. दर खणाला मी बुटकी होत गेले. करवतीची भीती वाटायची, खोटं कशाला बोलू? पण आपल्या डोक्यावर काहीतरी सरळ बसतंय, हे सुख काही वेगळंच असतं.

ते कपाट होतं बेलार्मिनोच्या दोस्ताचं, नेस्तोर कोळ्याचं. त्याचं घर अगदी समुद्रकाठी, लाकडी खुंटांवर उभं. वरचे दोन खण त्याच्या बायकोचे, ओर्तेन्सियाचे. खालचा नेस्तोरचा. त्यात त्याचे गळ, सुरी आणि माते, म्हणजे आमच्याकडचा कडू चहा, प्यायची भोपळ्याची तुंबडी. चॅनेल बदलायची वेळ आली तर माप हाताशी असावं, म्हणून बेलार्मिनोने मला त्या खणाखालीच, कपाटाच्या तळावर आडवी ठेवून दिली. तेव्हापासून माझं जग म्हणजे तेवढा अंधार आणि डोक्यावरून येजा करणारा खण. नेस्तोर तो एका बोटाने ओढायचा आणि मिटताना तळहाताने हलकेच ढकलायचा.

मग एका वादळात नेस्तोरची होडी उलटी सापडली. नेस्तोर सापडला नाही.

ओर्तेन्सियाने त्याच्या खणाला हात लावला नाही. पुढे एका धुकट दुपारी ती बटाटे किसत बसली होती आणि माझ्या डोक्यावर चॅनेलातले छर्रे सरकायला लागले. सावकाश, न अडखळता. खण पुरता बाहेर आला आणि थांबला. कुणी ओढला नव्हता. किसणीचा आवाज बंद पडला. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "काय हवंय?"

तिने खण मिटला. थोड्या वेळाने तो पुन्हा उघडला.

त्यानंतर हे रोजचंच झालं. शेजारची म्हातारी सोइला दारातूनच म्हणाली की बुडालेला माणूस उपाशी असतो, ताट वाढून ठेव. ती पुन्हा काही घरात आली नाही. ओर्तेन्सिया मात्र उघड्या खणाशी बोलायला लागली. डुकरीण व्याली, बटाटे यंदा बारीक निघाले, सगळं सांगायची. मला अंगावर काटा यायचा, प्लायला येईल तेवढा. कारण मला दुसरंच काही जाणवत होतं. माझ्याखालचा तळ कलत होता. मी स्वतःच कणाकणाने पुढे, समुद्राच्या बाजूला घसरत होते. पण फळीला विचारतंय कोण?

बेलार्मिनोच्या कानावर गेलं तेव्हा तो तणतणतच आला. त्याने बसवलेला खण आपोआप उघडतो म्हणजे काय? मला बाहेर काढून त्याने चॅनेलाखाली उभी केली. एका बाजूला बरोबर. दुसऱ्या बाजूलाही बरोबर. मग त्याने पातळी पाहायची पाणसळ जमिनीवर ठेवली आणि तसाच बाहेर पडला. घराखाली वाकून आला तेव्हा त्याचे हात कुजक्या लाकडाच्या भुश्याने माखले होते.

"वहिनी, खणात खोट नाही. समुद्राकडचे खुंट गेलेत. येत्या वादळात घर पाण्यात जाईल. वर टेकाडावर ओढून न्यायला हवं."

"मी नाही हलणार, भाऊजी. घर हलवलं तर त्याला सापडणार कसं?"

आमच्याकडे घर ओढायला अख्खा गाव येतो, पैसा घेत नाही. पण घराच्या मालकिणीने स्वतः दारोदार जाऊन तशी विनंती करावी लागते. तिच्या वतीने दुसऱ्या कुणी बोलून चालत नाही. बेलार्मिनोने समजावलं, रागावला, शेवटी खाली मान घालून म्हणाला, "आणि तो आला, वहिनी, आणि घर पाण्याखाली गेलेलं दिसलं, तर?"

ती उठली, शाल घेतली आणि पहिल्या दारी गेली.

बैल आले, दोर आले, खाली ओंडके सरकवले. आरडाओरडा करत गावाने घर कपाटासकट टेकाडावर नेलं. मग खड्ड्यात तापल्या दगडांवर शिंपल्या, मांस आणि बटाटे शिजले, सगळे पोटभर जेवले आणि आपापल्या घरी गेले. नव्या जागी तळ अगदी सपाट होता. खण मिटलेला तो मिटलेलाच राहिला.

ओर्तेन्सियाचं बोलणं थांबलं. मग जेवणही सुटल्यासारखं झालं. ती नुसती खणासमोर बसून राहायची. मला ते सहन होत नव्हतं, आणि बेलार्मिनोलाही झालं नाही. खण पुन्हा आपोआप उघडेल असा करून द्या, असं तिने मागितलं तेव्हा त्याने नाही म्हणून पाहिलं, वाकडं काम या हातांनी कधी केलं नाही म्हणाला. ती म्हणाली, "उतारामुळे उघडतो, हे मला कळतं हो. तरी करून द्या."

त्याने चॅनेलं सोडवली. माझ्या मागच्या टोकाखाली लाकडाची एक बारीक पाचर घातली आणि तसंच तिरकं चॅनेल माझ्यावर टेकवून आवळलं. दोन्ही बाजूंना. मित्रांनो, सरळपणाशिवाय माझ्याजवळ दुसरं काय होतं? मला रडू आलं. पण खण मिटला आणि आपोआप बाहेर आला तेव्हा ती कितीतरी दिवसांनी हसली.

पुढच्याच आठवड्यातली दुपार. ती खाली शिंपल्या गोळा करायला गेली होती. दाराला बाहेरून कडी. बाहेर दाट धुकं. खण उताराने उघडला होता, नेहमीसारखा. मी डुलकी घेत होते. एकाएकी वर सुरीचं पातं तुंबडीला लागून किणकिणलं. मग छर्रे सरकायला लागले. उलटे. खण चढावर, मागे मागे, सावकाश आत आला, आणि शेवटी तळहाताने ढकलावा तसा हलकेच बसला.

उघडायला उतार पुरतो, मित्रांनो. मिटायला हात लागतो.

ती आली. दाराची कडी तिने स्वतःच काढली. मिटलेल्या खणासमोर तिची पावलं थांबली. मी वाट पाहत होते, ती किंचाळेल, पळेल. ती पळाली नाही. तिने मातेसाठी पाणी उकळत ठेवलं आणि म्हणाली, "सापडलं म्हणायचं घर."

मी अजून इथेच आहे. कधी एखादं जुनं कपाट मोडायला घेतलंत आणि तळाशी माझ्यासारखी फळी सापडली, तर तिला चुलीत घालू नका, कुणीतरी अजून तिच्या भरवशावर असेल. आणि तिच्यावरचा खण मिटलेला असला, तर ओढण्याआधी एकदा बोटाने वाजवा.