बरोबर ना, भावोजी?

मास्तरांनी नेहमीसारखा न बघताच हात पुढे केला. एका हाताने ते तिकिटांचे यंत्र खांद्यावरच्या पिशवीत कोंबत होते आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे कात्रीसारखी उघडी होती. त्यांत आता अर्धी उरलेली सिगारेट येणार, हे त्या बोटांना इतक्या वर्षांत पाठ झाले होते.

बोटांत काहीच आले नाही. नानांनी ती अर्धी सिगारेट खाली टाकली आणि बुटाने चिरडली.

"हे काय हो?"

"आजपासून आपापली ओढायची, मास्तर."

"का? दुकानं बंद झाली म्हणून कंजूषपणा?"

"थट्टा नाही. एकमेकांचं उष्टं बंद. पोरगी आमच्याकडे येऊन राहिलीय. नवरा परगावी अडकलाय तिचा आणि तिचे दिवस भरत आलेत. मी घरी काही नेलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"म्हणजे मी रोगी."

"तसं नाही म्हटलं मी."

"बरं, मग तुम्ही रोगी. दोघांपैकी कुणीतरी असायला हवाच ना." मास्तर हसले, पण ते हसू तोंडावरच्या फडक्यावर जेमतेम उमटले आणि विरून गेले. पुढे केलेला हात त्यांनी खिशात घातला. त्या हाताचे आता काय करावे, हे त्यांना सुचत नसावे.

नाना बस चालवीत आणि मास्तर त्याच बसवर कंडक्टर होते. साथ सुरू झाल्यापासून डेपोतल्या बहुतेक गाड्या उन्हात रांगेने उभ्या होत्या. काही मोजक्या गाड्या हॉस्पिटलच्या माणसांसाठी धावत, त्यांत नानांची एक. नर्सा, सफाईवाल्या, स्वयंपाकघरातली माणसे, प्रयोगशाळेतली पोरे अशा सगळ्यांना गोळा करत ती शेवटी हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी येऊन थांबे. फाटकाबाहेर पत्र्याची शेड होती. तिथे उभे राहून नाना सिगारेट पेटवीत. पहिली अर्धी त्यांची, दुसरी अर्धी मास्तरांची. दर फेरीला हेच.

अर्धीचे कारण वेगळे होते. फार पूर्वी एका हिवाळ्यात मास्तरांचा खोकला काही केल्या हटेना, तेव्हा बायकोने त्यांच्याकडून सिगारेट सोडण्याचा शब्द घेतला होता. त्या दिवसापासून मास्तरांनी पाकीट म्हणून विकत घेतले नाही. "विकत घेत नाही, म्हणजे ओढत नाही," असा त्यांचा हिशेब. "ओढतात ते नाना. मी फक्त त्यांना आवरतो. माझी अर्धी त्यांच्याच छातीत गेली असती, त्याचं पुण्य कुणाला?" संध्याकाळी उतरताना ते दाढेखाली लवंग धरत आणि शहाण्यासारखे घरी जात. बायको सगळ्यांना अभिमानाने सांगे, "यांनी एकदा मनावर घेतलं की घेतलं!" नानांच्या घरीसुद्धा तिने हे सांगितले होते, नानांच्या बायकोने धडा घ्यावा म्हणून. तेव्हा मास्तर खाली मान घालून कप पुसत बसले होते. नाना गालातल्या गालात हसले होते.

अर्धी बंद झाली त्या आठवड्यातच मास्तरांच्या खिशात पाकीट आले. अर्धवट ओढलेल्या शटरखालून सिगारेटी विकणारा कुणीतरी त्यांना सापडला होता. आता ते शेडमध्ये थांबत नसत. गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन एकटेच ओढत आणि एकीवर दुसरी पेटवत.

नानांचे उलटे चालले होते. घरी पोरगी आठ हात लांबून म्हणे, "बाबा, कपड्यांना वास येतोय." ते अंघोळ करून पुन्हा अंघोळ करत. आरशात छाती बघत. दमसास तपासायला जिना चढून बघत. सिगारेट पेटवली की पहिल्याच झुरक्याला वाटे, आपण आपल्याच फुप्फुसाला भोक पाडतोय. दिवसाला दोनवर आले, मग एकीवर. एकाच भीतीने एक माणूस सोडत होता आणि दुसरा धरत होता. रोज सकाळी दोघे एकाच गाडीत बसत, पण याबद्दल कुणी बोलत नव्हते.

एकदा नानांनी विषय काढला. "मास्तर, जरा जास्तच होतंय हं."

"अहो, धुरात टिकत नाही म्हणतात तो रोग. सगळे सांगतायत."

"कोण सगळे?"

"काल मागच्या सीटवर बोलत होते." मास्तरांनी फडके वर ओढले. "आणि नाना, रोज सकाळी गाडी भरून माणसं आत सोडायची आणि संध्याकाळी त्यातली कोण येतात ते बघायचं. काल ती लॅबमधली चष्मेवाली आली नाही. परवा तो जाड्या आचारी. हाताला काहीतरी चाळा नको?"

नानांना वाटले, म्हणावे, या, घ्या अर्धी, होईल ते होईल. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण पोरीचे पोट डोळ्यांपुढे आले आणि ते गाडीत जाऊन बसले.

मास्तरांना ताप आला तो त्यांनी दोन दिवस गोळ्या खाऊन दडवला. तिसऱ्या दिवशी मागून "चला" अशी हाक आली, ती निम्मीच. उरलेली खोकल्यात गेली. नानांनी आरशात पाहिले. मास्तर दांडा धरून उभे होते आणि त्यांचे खांदे भात्यासारखे वर-खाली होत होते. गाडीतल्या नर्सा वळून बघत होत्या. त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या सिस्टर उठल्या, त्यांच्यापाशी गेल्या आणि नानांना म्हणाल्या, "मागच्या फाटकाशी नको. गाडी थेट कॅज्युअल्टीला घ्या."

कॅज्युअल्टीच्या दाराशी बाकीचे सगळे उतरल्यावर मास्तरांनी पिशवी काढून सीटवर ठेवली. मग शर्टाच्या आतल्या खिशातून पाकीट काढले आणि नानांच्या बाजूला इंजिनच्या झाकणावर सरकवले.

"हे ठेवा तुमच्याकडे. आत कपडे काढून घेतात. सामान पिशवीत घालून घरी देतात म्हणे. हिच्या हातात पडायचं."

"या आता तुम्ही. हे कसलं घेऊन बसलात!"

"नाना, तिला कळता कामा नये. शब्द द्या."

"दिला. चला."

"त्या दिवशी मला राग आला होता तुमचा," मास्तर पायरीवरून म्हणाले. श्वास घ्यायला थांबले. "आता वाटतं, बरं केलंत. नाहीतर आज तुमच्या घरी..." सिस्टरनी त्यांचा दंड धरला आणि काचेचे दार ढकलले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नानांचा फोन वाजला. मास्तरांच्या घरून होता.

"भावोजी, मी बोलतेय. हॉस्पिटलातून फोन आला होता. डॉक्टर होते."

"काय म्हणाले, वहिनी?"

"ऑक्सिजन लावलाय. बोलताना धाप लागते म्हणाले, म्हणून मलाच सगळं विचारत होते. साखर आहे का, रक्तदाब आहे का. मग विचारलं, सिगारेट ओढतात का. मी म्हटलं, छे, कधीच सोडली. तर ते म्हणाले, नक्की ना? मला रागच आला. मी म्हटलं, माझा माणूस मला ठाऊक नाही?" ती जरा थांबली. "बरोबर ना, भावोजी?"

पलंगाच्या कडेवर बसलेल्या नानांनी डोळे मिटले. आतल्या खोलीत पोरगी आईशी काहीतरी बोलत होती.

"बरोबर," ते म्हणाले.

"तुम्ही दिवसभर बरोबर असता. तुम्हाला कळलंच असतं. माझ्याच मनात उगीच पाल चुकचुकली."

फोन ठेवल्यावर नानांना थोडा वेळ बरे वाटले. शब्द पाळला होता. मग ते जेवायला बसले. डॉक्टर काही उगीच विचारत नसतील. औषध त्यावर ठरत असेल तर? एका शब्दापायी मास्तरांना भलतेच औषध चालू राहिले तर? त्यांनी ताट तसेच सारले.

सकाळी सिस्टर गाडीत चढल्या तेव्हा नानांनी इंजिन बंदच ठेवले.

"सिस्टर, एक सांगायचं होतं. आमचे मास्तर... ते ओढायचे. अलीकडे फारच. घरी माहीत नाही. डॉक्टरांना नाही म्हणून सांगितलंय."

"मग हे कालच सांगायचं होतं ना हो."

"फरक पडेल का त्यानं?"

सिस्टरनी चष्म्यावरची वाफ पुसली. "घालते कानावर," एवढेच म्हणाल्या.

नानांनी गाडी सुरू केली. छातीवरचा दगड उतरल्यासारखे त्यांना वाटले, पण ते त्या दिवसापुरतेच टिकले.

पुढच्या दिवशी फोन आला तेव्हा वहिनींचा आवाज अगदी सपाट होता. नानांनी तो आधी ओळखलाच नाही.

"डॉक्टरांचा फोन होता. म्हणाले, बाई, तुम्ही आम्हाला चुकीचं सांगितलंत. बसवरच्या माणसानं आमच्या सिस्टरना खरं सांगितलं."

"वहिनी, त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता..."

"माझ्याशी खोटं बोललात आणि परक्या बाईला खरं सांगितलंत."

नानांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी हात जोडले, एकदा बोलू द्या म्हटलं. त्या वॉर्डातल्या मुलीनं स्वतःचा फोन त्यांच्या कानाला लावला. त्यांना बोलता येत नव्हतं, नुसता श्वास ऐकू येत होता. आणि मी काय बोलले ठाऊक आहे? मी भांडले, भावोजी. इतकी वर्षं मला मूर्ख बनवलंत, म्हटलं. घराबाहेर दुसराच माणूस होतात, म्हटलं. लवंगा खाऊन माझ्याशी गोड बोलत होतात, म्हटलं. आणि मग त्या मुलीनं फोन काढून घेतला. नळी घालायची होती."

"ते बरे होऊन येतील, वहिनी. मग—"

"तुम्ही आधीच मला खरं सांगितलं असतंत तर माझा राग आदल्या दिवशीच निघाला असता. मग मी त्यांच्याशी नीट बोलले असते."

तिने फोन ठेवला. नंतर नानांनी केला तेव्हा तो कुणी उचलला नाही.

मास्तर त्यानंतर शुद्धीवर आले नाहीत. ते गेल्याचे नानांना डेपोत टाइमकीपरकडून कळले, गाडीची किल्ली घेताना. वहिनींनी कळवले नव्हते. देह घरी दिला नाही. हॉस्पिटलनेच परस्पर सारे उरकले आणि वहिनींना लांबच्या कठड्यापलीकडे उभे राहू दिले, असेही कुणीतरी सांगितले.

त्या दिवशी नानांनी फेऱ्या पूर्ण केल्या. कंडक्टर म्हणून दुसरा कुणीतरी दिला होता. त्याने नाव सांगितले, ते नानांच्या लक्षात राहिले नाही. सिस्टर उतरायला लागल्या तेव्हा नानांनी विचारले, "मी सांगितलं, त्याचा काही उपयोग झाला?"

सिस्टर पायरीवर थांबल्या. खोटे बोलावे का, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर आला आणि गेला असे नानांना वाटले. "विचारतो आम्ही सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "लिहून ठेवतो. औषधं तीच असतात."

गाडी डेपोत लावल्यावर नाना वर्कशॉपच्या मागे गेले. टायरांच्या ढिगाजवळ बसून त्यांनी मास्तरांचे पाकीट उघडले आणि आत होत्या तेवढ्या सिगारेटी ओढून संपवल्या. पहिल्या दोन गोड लागल्या. नंतर घसा सोलला. शेवटी पोटातले सगळे उलटून पडले. एक मेकॅनिक धावत आला, पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "काय खाल्लंत नाना?" नानांनी हातानेच त्याला जा म्हटले.

त्यानंतर त्यांनी सिगारेटला हात लावला नाही. निश्चय वगैरे काही केला नव्हता. वास आला की पोटात ढवळे, एवढेच. पोरगी बाळंत झाली, मुलगी झाली. दोघीही सुखरूप. बाळ बघायला आलेल्या व्याह्यांना नानांची बायको कौतुकाने म्हणाली, "या साथीनं एक मात्र चांगलं केलं. यांची सिगारेट सुटली." सगळे हसले. नानांनी मांडीवरची नात अलगद बायकोकडे दिली आणि ते उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

साथ ओसरली. डेपोतल्या गाड्या धुऊन, तेलपाणी करून एकेक करून बाहेर पडू लागल्या. रस्ते पुन्हा भरले, दुकानांची शटरे पुरती वर गेली. आणि एका सकाळी ड्यूटीच्या फळ्यावर नानांच्या गाडीपुढे मास्तरांच्या बायकोचे नाव लागले. नवऱ्याच्या जागेवर तिला घेतले होते.

नाना टाइमकीपरकडे गेले. "तिला दुसऱ्या गाडीवर द्या हो. नवीन बाई आहे. मी... माझं जरा..."

"तिला आम्ही विचारलं होतं," टाइमकीपर म्हणाला. "म्हणाली, कुठंही द्या. मला काम करायचंय."

ती आली. खाकी अंगावर अजून कडक होती, बाह्या आत घेऊन शिवलेल्या. केस घट्ट बांधलेले. पहिल्यापेक्षा बारीक झाली होती. नानांनी केबिनमधून वळून म्हटले, "या." तिने मान हलवली, मागच्या दाराने चढली आणि यंत्रात कागदाची गुंडाळी नीट बसली आहे की नाही ते पाहू लागली.

पहिल्या दोन थांब्यांना तिचा आवाज पुढपर्यंत पोचत नव्हता. "पुढे सरका," ती म्हणे आणि कुणी सरकत नसे. नाना आरशात बघत होते. बाजाराच्या थांब्यावर एक दांडगा माणूस पुढच्या दाराच्या पायरीवर चढला आणि तिथेच दाराला टेकून उभा राहिला. त्याच्या हातात पेटती सिगारेट होती. त्याने निवांत झुरका घेतला. धूर आत आला. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाईने नाकाला पदर लावला.

नानांनी हँडब्रेक ओढला आणि ते जागेवरून अर्धे उठले. "ए—"

"ड्रायव्हर, तुम्ही बसा," मागून आवाज आला. "मी सांगते."

नाना खाली बसले.

ती गर्दीतून वाट काढत दारापर्यंत आली. तो माणूस तिच्यापेक्षा हातभर उंच होता.

"विझवा ती."

"बाई, दारातच तर उभा आहे मी. आत कुठं आलोय?"

"विझवा, नाहीतर उतरा. गाडी थांबलीय."

तिचा आवाज चढला नव्हता. गाडीतले बोलणे मात्र थांबले होते. त्या माणसाने इकडेतिकडे बघितले, कुणी आपल्या बाजूने बोलते का ते पाहिले आणि मग सिगारेट रस्त्यावर टाकली.

"तिकीट कुठलं?" तिने विचारले.

त्याने सांगितले. तिने बटणे दाबली, तिकीट फाडून त्याच्या हातात दिले, "पुढे सरका" म्हणाली आणि दोनदा घंटी ओढली. नानांनी हँडब्रेक सोडला.