कलकत्ता बेस

"बाबा, तुमचं कलकत्त्याला दुसरं घर आहे का?"

हा प्रश्न मुळात माझा नव्हे, माझ्या मैत्रिणीचा, चंपाचा. पैज अशी की रविवार संध्याकाळच्या आत मी हे बाबांना तोंडावर विचारायचं. विचारलं तर पुढच्या प्रभातफेरीत घोषणा द्यायला मी पुढे, नाही विचारलं तर चंपा. आता घोषणा मी सोडणार होय? गेल्या महिन्यात ठाकूरद्वारच्या नाक्यावर सभेचे वक्ते वेळेवर आले नाहीत, तेव्हा स्टुलावर उभी राहून मी सात मिनिटं बोलले. मुंबई आमची का, या विषयावर. तेव्हापासून मला कशाची म्हणून भीती वाटत नाही. फणसवाडीत मला भाषणवाली मीनाक्षी म्हणतात.

प्रश्न निघाला तो तळमजल्यावरच्या राधाबाईंमुळे.

माझे बाबा विमान चालवतात. राहतात फणसवाडीत, पण गेल्या वर्षापासून त्यांची नेमणूक कलकत्त्याला आहे. तिथून ते आसामकडे डाकोटा विमान नेतात. तीन-चार दिवस सुट्टी मिळाली की कंपनीच्या विमानात रिकामी जागा बघून घरी येतात आणि तसेच परत जातात. म्हणजे जागा असली तर. ऐनवेळी तिकीटवाला उतारू आला की बाबा खाली. मग सांताक्रूझ विमानतळाच्या बाकावर बसून बसून संध्याकाळी बॅग घेऊन पुन्हा दारात. ते निघताना आई त्यांच्या हातावर दही घालायची. एकदा एकाच प्रवासासाठी तीनदा घालावं लागलं. तेव्हापासून ती म्हणते, "विमान उडालं की कळवा, मग घालते."

तर राधाबाईंनी मला जिन्यात अडवलं. "गो चेडवा, तुझो बापूस काल सांगी होतो, कलकत्ता बेस, मुंबय नाय."

दिवेलागणीपर्यंत वाडीभर झालं, की पायलटला कलकत्ता बेस, म्हणजे झकास वाटतं आणि मुंबई वाटत नाही. आणि हे कधी, तर फाउंटनच्या गोळीबाराला दोनच वर्षं झालेली, अजून भिंतीभिंतीवर चुन्याची अक्षरं, आणि पायलटची मुलगी स्टुलावर. चंपा म्हणाली, "उगाच नाही कुणाला परकं गाव बेस वाटत. तिथं कुणीतरी असायला लागतं."

म्हणून हा प्रश्न. रविवारी दुपारी बाबा नेहमीसारखे जागा न मिळून परत आले, आई नारळ खवत होती, आणि मी विचारून टाकलं.

"हो," बाबा बुटाची नाडी सोडत म्हणाले. "आहे की."

आईचा हात खवणीवर थांबला. मी 'नाही'ची तयारी करून आले होते. 'हो'नंतर काय विचारायचं ते चंपानं सांगितलंच नव्हतं.

"कोण कोण असतं तिथं?" माझा आवाज स्टुलावरचा नव्हता.

"दास, पिंटो आणि एक सरदारजी. माणसं चार, खाटा तीन. पण चौघं एकदम कधी नसतोच."

"खोली म्हणा," आई म्हणाली. "घर काय म्हणता."

"बरं, खोली."

"मग कलकत्ता बेस आहे असं का सांगितलंत राधाबाईंना?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि मग इतके हसले की एक बूट हातातच राहिला. बेस म्हणजे म्हणे वैमानिकाची नेमणूक असते ते गाव. इंग्रजी शब्द. राधाबाईंनी विचारलं, कामाचं गाव कुठलं, तर बाबा म्हणाले, कलकत्ता बेस, मुंबई नाही. आईसुद्धा हसली. "तरीच त्या काल मला म्हणाल्या, बाय, घोवावर नजर ठेव."

इथं सगळं संपायला हवं होतं. मी पैज जिंकले होते. पण बाबांचं हसू मध्येच थांबलं आणि त्यांनी खिशातून दोन पत्रं काढली.

पहिलं कंपनीचं. जूनपासून कॅप्टन करतो, मात्र कलकत्त्यालाच. आणि राहायचं विमानतळापासून तासाभराच्या आत, असं ये-जा करणं बंद. नको असेल तर मुंबईला परत या, पण दुय्यम वैमानिक म्हणूनच. इथं कॅप्टन होण्यासाठी बाबांच्या पुढे मोठी रांग आहे.

"मग?" आई म्हणाली.

"मग काय. तुला मुंबई सोडवणार नाही."

"मला? मी कधी म्हटलं? तुम्हाला सोडवत नाही म्हणून मी वर्षभर गप्प आहे. तुम्ही बाकांवर बसता ते मला काय आवडतं?"

"मला वाटलं, तुला..."

"आणि मला वाटलं, तुम्हाला."

मी एकदा इकडे बघत होते, एकदा तिकडे. एवढी वर्षं एका ताटातलं जेवल्यासारखी राहतात ही माणसं, आणि कुणाला कुठं राहायचंय हे दोघांनाही माहीत नाही. मी तर समजत होते की मुंबई सोडायची नाही ही आमच्या घरात ठरलेली गोष्ट आहे. कुणी ठरवली, कधी, काही आठवेना. बहुतेक मीच स्टुलावरून.

दुसरं पत्र बाबांचं उत्तर होतं, इंग्रजीत टाइप केलेलं. मी वाचलं. मुलीचं मॅट्रिकचं वर्ष येत असल्यामुळे मला कलकत्त्याची बढती स्वीकारता येत नाही. खाली सही. तारीख पाच दिवसांपूर्वीची.

"हे दिलं का नाहीत?" मी विचारलं.

"आज सांताक्रूझला देणार होतो. राहून गेलं."

"चार तास बसला होतात तिथं," आई हळू म्हणाली.

 बाबा उठले आणि सवयीनं घरातल्या बाकाच्या डाव्या टोकाला जाऊन बसले. आई त्यांना त्यावरून नेहमी चिडवते. एकदा त्यांनी मला उभं असलेलं विमान आतून दाखवलं होतं. पुढे दोन खुर्च्या, कॅप्टनची डावीकडे, बाबांची उजवीकडे. "सगळं तेच दिसतं इथूनही," ते म्हणाले होते, आणि डाव्या खुर्चीच्या पाठीवरची धूळ हातानं पुसली होती. आठ वर्षं झाली त्यांना उजवीकडे.

मला राग आला, पण कुणाचा ते कळेना. कुणी माझ्यासाठी काही सोडलं की बरं वाटायला हवं ना? मला तर वाटत होतं की कुणीतरी न विचारता माझं नाव घेऊन खोटं बोललंय. आणि ते खोटं तरी होतं का? कलकत्त्याला मराठी शाळा नाही, माझं वर्ष जाईल, चंपा, प्रभातफेरी, सगळंच जाईल. मला जायचं नव्हतं. आणि बाबांनी उजवीकडे बसायलाही नको होतं. दोन्ही एकदम कसं व्हायचं?

मी चपला घातल्या आणि ठाकूरद्वारला दुर्गाआत्याकडे गेले. आत्या एकटी राहते, शाळेत शिकवते, फार बोलत नाही. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पहाटे पाचला उठावं लागेल. गणित मी घेईन. आणि आईची आठवण आली तर माझ्या पदराला नाक पुसायचं नाही." एवढंच.

परत येताना फणसवाडीच्या तोंडाशी चंपा उभी होती. "विचारलंस?"

"विचारलं."

"मग? आहे?"

"एक आहे. पण अजून ते घर नाही," मी म्हटलं आणि जिना चढले. ती खालून "म्हणजे काय गं?" असं विचारत राहिली. मलाही नीट सांगता आलं नसतं.

आई-बाबा तसेच बसलेले. पत्रं मध्ये, खोबरं तसंच खवणीखाली. मी दारातच उभी राहिले, कारण आत गेले असते तर रडू आलं असतं.

"मी ठरवलंय," मी म्हटलं. "अकरावीला, मॅट्रिकच्या वर्षी, मी दुर्गाआत्याकडे राहणार. तिला विचारून आलेय, ती हो म्हणालीय. तुम्ही दोघं कलकत्त्याला जायचं की नाही, ते तुम्ही एकमेकांना विचारा. पण बाबा, त्या पत्रात माझी परीक्षा लिहायची नाही. दुसरं कारण असेल तर ते लिहा."