चाकांचा मेणा

बालमित्रांनो, मी एक जुना मेणा आहे. आता अंग दुखते, दांडे सैल झालेत. तरी तुम्ही जवळ आलाच आहात तर माझी हकिकत सांगतो.

माझा जन्म गौलीगुडा मोहल्ल्यातल्या एका सुताराच्या अंगणात झाला. सागवानी लाकूड, आत मऊ गादी, दोन्ही बाजूंना निळे पडदे. श्रीनिवासराव नावाच्या सरकारी अंमलदारांनी मला घरच्या बायकांसाठी बनवून घेतले. चार भोई मला खांद्यावर घेत आणि लेकी-सुना माझ्यात बसून माहेरी जात. पुढे त्यांच्या दारात मोटार आली आणि मी गाडीखान्यात धूळ खात पडलो. शेवटी त्यांनी मला जवळच्या जनाना दवाखान्याला देऊन टाकले. बाळंतिणींना आणायला उपयोग होईल, असे त्यांना वाटले.

उपयोग झाला, पण फाटकापर्यंतच. भोई पुरुष, त्यांना आत मज्जाव. म्हणून गोषातल्या, पडद्यात राहणाऱ्या बाईलाही फाटकात उतरावे लागे. तिथे मेजामागे मुन्शी कुदरतुल्ला बसत. ते तिचे नाव, नवऱ्याचे नाव, दुखणे, सारे चारचौघांत विचारत. मग तिने कळा सोसत मोठे आवार पायी ओलांडायचे.

एका दुपारी मी कमल नावाच्या पहिलटकरणीला घेऊन आलो. सोबत सासू होती, मागून नवरा चालत होता. कमलने पडदा बोटभर सरकवला, बाहेरची गर्दी पाहिली आणि ती हलकेच म्हणाली, "मला इथं उतरायचं नाही. घरी चला, सासूबाई." सासूने भोयांना माघारी वळवले. कमल त्याच आठवड्यात घरीच बाळंतपणात गेली. बाळही गेले.

ही बातमी भोयांनी डॉक्टर इंदुमती हुमनाबादकरांना सांगितली. त्या दवाखान्यात नव्याच आल्या होत्या. 

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बडे डॉक्टर दिगंबरराव यांच्याकडे खेटे घालायला सुरुवात केली. दिगंबरराव वाईट नव्हते, भित्रे होते. वरून विचारणा झाली तर काय सांगू, एवढेच ते म्हणत. पुष्कळ विनवण्या झाल्यावर हुकूम निघाला: बाई मेण्यातच आत जाईल, आवारात आयांनी, म्हणजे दवाखान्यातल्या मदतनीस बायकांनी, मेणा उचलावा.

हुकूम फाटकावर चिकटला आणि मी होतो तिथेच राहिलो. आयांनी मला हात लावला नाही. मुन्शीजींनी मेज हलवले नाही. इंदुमतीबाई रागावल्या, ओरडल्या. त्याने काहीच हलले नाही.

मग एके सकाळी त्या आयांच्या ओसरीवर जाऊन बसल्या आणि अडचण काय आहे ते विचारले. लच्छम्मा नावाची आया म्हणाली, की दिवसभर पाणी वाहून कंबर मोडते, त्यात हे ओझे कोण उचलणार? मग त्या मुन्शीजींच्या मेजाकडे गेल्या. ते म्हणाले, "बाईसाहेब, मी शौकानं नाव विचारत नाही. नोंद चुकली तर जवाब मला द्यावा लागतो. माझी नोकरी जाईल."

इंदुमतीबाईंनी हे कधी ध्यानातच घेतले नव्हते. त्यांनी तसे मुन्शीजींना सांगितलेही.

त्यानंतर कामे भराभर नाही, पण झाली. मला खाली चार चाके बसवली. खिळे ठोकताना फार दुखले. मुन्शीजींनीच सुचवले, की नोंद सोबतच्या पुरुषमाणसाकडून घ्यावी, बाई आत पोचल्यावर. दिगंबररावांनी पाऊसकाळापर्यंत करून बघायची परवानगी दिली आणि मेज फाटकातून हलले. पहिल्याच खेपेला माझी चाके वॉर्डच्या उंबऱ्याला अडली. उंबरा तोडणे अशुभ, असे सारे म्हणू लागले. तेव्हा दिगंबरराव स्वतः आले आणि त्यांनी उंबरा काढायला गवंड्याला बोलावणे पाठवले.

पुढे कमलची जाऊ माझ्यातून आली. सासू तीच. लच्छम्माने आणि दुसऱ्या आयेने मला फाटकातून थेट खाटेपर्यंत ढकलत नेले. कुणी काही विचारले नाही. संध्याकाळी आतून बाळाचे रडणे ऐकू आले. सासू माझ्याशेजारी जमिनीवर बसली होती. ती लच्छम्माला म्हणाली, "हे तेव्हा का नाही केलंत?" लच्छम्माने तिला हाताला धरून बाळाकडे नेले. तिचा प्रश्न मात्र माझ्याजवळच राहिला.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी एवढा थकलो नसतो. इंदुमतीबाईंची औरंगाबादेला बदली झाली. दिगंबरराव पेन्शनीत गेले. नवे साहेब आले आणि फाटकात पुन्हा मेज आले, फक्त दोन प्रश्नांपुरते म्हणून. मुन्शीजींनी त्यांना सगळे पहिल्यापासून समजावले. मेज गेले. आणखी नवे साहेब आले, मेज परत आले. मुन्शीजींच्या जागी आता लच्छम्मा समजावते. तिचे केस पांढरे झालेत, आवाज बसलाय. सुधारणा एकदा करून भागत नाही, ती रोज करावी लागते, हे मी तिच्याकडे बघून शिकलो.

मला नवा रंग नको, नवे पडदे नकोत. चाकांना थोडे तेल घाला, म्हणजे ती अडणार नाहीत. आणि मोठे होऊन तुम्ही कुठल्या दवाखान्याच्या फाटकात बसलात आणि समोर कुणी कळा सोसत उभी असली, तर तिला आधी आत घ्या. नाव मागाहून विचारता येते.