घारीला मोजता येत नाही

आठ पिलं लपली होती आणि सातच बाहेर आली होती.

अनुजानं पुन्हा डोकी मोजली. चार वर्षांच्या मुलांची डोकी एका जागी थोडीच राहतात. म्हणून तिनं सगळ्यांना भिंतीला टेकून बसवलं आणि एकेकाच्या टाळूवर हात ठेवत मोजलं. सातच. कागदाच्या पिवळ्या चोची बांधलेली सात तोंडं तिच्याकडं बघत होती. प्रत्येकापुढं जोंधळ्यानं भरलेली वाटी होती. रुद्राणी तेवढी नव्हती.

"रुद्राणी, चला आता, खेळ संपला!" आवाज हसरा ठेवायला तिनं फार जोर लावला. पडद्यामागं बघितलं, खेळण्यांच्या कपाटामागं बघितलं, मोरीत डोकावली.

अनुजा कोडोलीच्या गणपतरावांची मुलगी. बालशिक्षणाचा कोर्स करून तिनं राजारामपुरीत एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या आणि बालवाडी थाटली होती. पाढे घोकून गणित येत नाही, हाताला कळलं की डोक्याला कळतं, हे ती पालकांच्या मीटिंगमध्ये इतकं ठासून सांगायची की समोरच्या आया नुसत्या माना डोलवायच्या. तिच्याकडं मुलं चिंचोके मोजायची, बांगड्या लहान-मोठ्या लावायची, वाटीनं पाणी मापायची. आणि दर आठवड्याला एक चित्रांचं पुस्तक, त्यातल्या गोष्टीतूनच गणित.

या आठवड्यात कोंबडीचं पुस्तक होतं. कोंबडीला आठ पिलं असतात आणि कुंपणावर एक घार येऊन बसलेली असते. घार मोठी लबाड. ती कोंबडीचा आवाज काढते आणि पिलांना नावानं हाका मारते, ये गं माझी सोनू, ये. नावं तिनं ऐकून ऐकून पाठ केलेली. तिला सगळं येतं, मोजायला तेवढं येत नाही. म्हणून कोंबडी पिलांना आकडे देते. मापानं दाणे ओतायचे, आकडा म्हणायचा आणि ज्याचा आकडा त्यानंच बाहेर यायचं.

अनुजानं ही गोष्ट फार रंगवून सांगितली होती. जरा जास्तच रंगवली, असं म्हणायला हवं. ओढणी पंखांसारखी पसरून ती खोलीभर फिरली, गोड आवाजात एकेकाचं नाव घेतलं आणि मग अशी झडप घातली की राजवीरनं भोकाडच पसरलं. "नावानं हाक आली की समजायचं, घार आली. अजिबात हलायचं नाही, तोंडातून आवाज काढायचा नाही. आपला आकडा आला तरच यायचं. नाहीतर घार नेती!" मुलं चिडीचूप झाली होती. भ्यालेली मुलं ऐकतात, हे प्रत्येक बाईला माहीत असतं; कबूल मात्र कुणी करत नाही.

खेळातली चूकही आता तिला दिसली. पहिला आकडा म्हटल्याबरोबर राजवीर धावत आला होता. त्याच्या छातीवर दोन ठिपके होते, म्हणजे त्याचा आकडा दोन, पण दाणे ओतल्याचा आवाज ऐकून त्याला दम निघाला नाही. अनुजा हसली होती आणि त्याच्या वाटीत माप ओतलं होतं. दोन म्हटल्यावर तो पुन्हा आला, पुन्हा माप घेऊन गेला. आठ मापं ओतून झाली, डबा रिकामा झाला, तिनं टाळ्या वाजवल्या. दाण्यांचा हिशेब बरोबर आला होता, पिलांचा नाही. एक ठिपका रुद्राणीच्या छातीवर होता.

"शालूबाई," तिनं मदतनीस बाईंना हाक मारली, "रुद्राणी कुठं दिसली का तुम्हाला?"

शालूबाई बाहेरून हात पुसत आल्या आणि तिचा चेहरा बघून दारातच थबकल्या. "मी आत्ता केर टाकून आले. बाई, गेट तर उघडंच हाय की! मघाशी सिलिंडरवाला येऊन गेला न्हवं का."

अनुजा चप्पल न घालताच बाहेर पळाली.

गेट सताड उघडं होतं. पलीकडं रस्ता. गाड्या, रिक्षा, हॉर्न, क्लास सुटलेल्या पोरांच्या सायकली. कोपऱ्यावर सिटी बस उभी राहिली आणि माणसं भरून निघून गेली. पिवळी चोच बांधलेली पोर त्या गर्दीत कुठं दिसते का, म्हणून अनुजा वेड्यासारखी इकडं तिकडं बघत राहिली.

"पावणं, एक लहान पोरगी बघितली का? हिरवा फ्रॉक, तोंडाला कागदाची चोच."

रिक्षावाल्यानं मान हलवली. "चोच काय बघितली न्हाय. पर एक बाई एका पोरीला काखंत मारून बसमधी चढली की आत्ताच. पोरगी लई रडत हुती."

अनुजा दोन पावलं बसच्या दिशेनं धावली आणि थांबली. रडणारी पोर कुणाचीही असू शकते, हे तिला कळत होतं, पण कळून काही उपयोग नव्हता. ती परत आत आली, पार्किंगमध्ये गेली. जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचं झाकण एका बाजूनं उचललेलं होतं. ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं आत बघितलं. काळं पाणी, त्यात तिचंच डोकं हलत होतं. तिनं काठीनं पाणी ढवळलं. काठीला काही लागू नये म्हणून ती देवाचं नाव घेत होती आणि काठी मात्र खोल खोल घालत होती. काही लागलं नाही.

"रुद्राणी! ए रुद्राणी!" शालूबाई जिन्यात ओरडत होत्या. वरच्या मजल्यावरच्या बायकाही खाली उतरल्या आणि हाका मारू लागल्या. रुदू, रुद्राणी, सोन्या, ये गं बाळा. सगळी इमारत त्या नावानं घुमायला लागली.

तेवढ्यात बसाप्पा आले. रुद्राणीचे अज्जा. शाहूपुरीत त्यांचं धान्याचं दुकान. रोज दुपारी स्वतः स्कूटरवरून नातीला न्यायला यायचे आणि तिला दुकानातच गल्ल्याजवळ बसवून घ्यायचे. त्यांनी गेटमध्ये स्कूटर लावली, नातीच्या नावाच्या हाका ऐकल्या आणि किल्ली तशीच ठेवून ते आत आले.

"काय झालं? आमची रुदू कुठं हाय?"

अनुजानं शालूबाईंकडं बघितलं. शालूबाईंनीच सांगितलं. बसाप्पा उंच, भरदार माणूस, कपाळावर विभूतीचे पट्टे. शालूबाईंनी त्यांना धरून आतल्या दिवाणावर बसवलं आणि पाणी दिलं. पाणी त्यांनी हातातच धरलं. ते सदऱ्यावर सांडत होतं तरी त्यांना कळलं नाही.

"दिवाणात बघितलं?" अनुजानं विचारलं. घरमालकांचा जुना लाकडी दिवाण, खालच्या खणाला सरकतं दार, आत एरवी मुलांच्या सतरंज्या.

"तिथं कुठली असंल, बाई? खेळ सुरू हुतानाच मी सतरंज्या काढल्या आन् सोताच्या हातानं भायेरनं कडी घातली. कडी तशीच हाय. बघा की."

कडी तशीच होती. दारापुढं ठोकळ्यांची टोपलीही होती. अनुजानं मान हलवली आणि पोलिसांना फोन करायला मोबाईल उचलला. बोटांना घाम आला होता, पडदा उघडेना. बाहेर बायका अजून ओरडत होत्या, "रुद्राणी, ये गं माझी सोनू, ये!"

अनुजाचा हात तिथंच थांबला.

ये गं माझी सोनू, ये. हे शब्द कुणाचे होते? भिंतीवर तिनंच चिकटवलेलं घारीचं चित्र होतं, पंख पसरलेलं, पिवळ्या डोळ्यांचं. पोर इथंच कुठंतरी असेल आणि सगळी इमारत मिळून तिला घारीच्या आवाजात हाका मारत असेल. जितक्या हाका, तितकी ती दडून बसणार. तोंडातून आवाज काढायचा नाही, हे अनुजानंच बजावलं होतं.

"गप बसा!" ती बाहेर जाऊन किंचाळली. "कुणी नाव घेऊ नका तिचं! एकदम गप!"

बायका बघतच राहिल्या. एवढीशी बाई, डोकं फिरलं की काय हिचं. पण सगळ्या गप्प झाल्या.

अनुजानं मुलांच्या वाट्यांतला जोंधळा डब्यात परत ओतला, चिपटं भरलं आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली. चिपटं म्हणजे धान्य मापायचं लहान माप. हे लोखंडी चिपटं रुद्राणीनंच सकाळी अज्जाच्या दुकानातून मिरवत आणलं होतं. अनुजानं ते पत्र्याच्या डब्यात ओतलं. दाणे खळखळले.

"एक!"

काही नाही. तिनं पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. "एक! एक नंबरचं पिलू!"

पंखा तेवढा घरघरत होता. मुलंही श्वास धरून बसली होती. म्हणजे पोर इथं नाही. म्हणजे ती बस, ती रडणारी पोरगी. अनुजानं हातातलं चिपटं खाली घेतलं. ती चिपट्याकडं बघत राहिली. त्याची कड वापरून वापरून गुळगुळीत झाली होती आणि तळाला दुकानाचं धान्य चिकटलेलं होतं. सकाळी चोची बांधायच्या घाईत हेच चिपटं धरून रुद्राणी तिच्या मागं मागं फिरत होती. ताई, लाभ कोण? ताई, लाभ कोण होणार? आणि दोऱ्याची गाठ मारता मारता अनुजा म्हणाली होती, "तूच की. तू लाभ. आता गप उभी राहा बघू."

काय म्हणालो आपण, याचा तिनं तेव्हा विचारही केला नव्हता.

पण तिला माहीत होतं की! कोडोलीच्या खळ्यावर गणपतराव रास मापायला बसले की पहिल्या मापाला कधी एक म्हणायचे नाहीत. पहिलं माप लाभाचं. लाभ, मग दोन, मग तीन. त्यांच्या शेजारी पोतं धरून बसायची तीच. शहरात येऊन, कोर्स करून, हातानं गणित शिकवायच्या नादात हे ती पार विसरली होती. वर्गात चिंचोके मोजताना रुद्राणी पहिल्याला 'एक'च म्हणायची. पण चिपटं आणि जोंधळा आला की तो दुकानातला हिशेब, आणि दुकानात पहिलं माप लाभ. शिवाय ताईंनी स्वतः सांगितलेलं, तू लाभ.

अनुजानं चिपटं शिगोशीग भरलं. अर्धे दाणे फरशीवर गेले. तिनं ते डब्यात ओतलं आणि गणपतरावांच्या लांबट सुरात म्हणाली,

"लाऽऽभ!"

"आले," कुणीतरी म्हणालं.

आवाज बारीक होता आणि बसाप्पांच्या खालून आला होता.

ते ताडकन उठले. अनुजानं टोपली लाथेनं उडवली, कडी ओढली, दार सरकवलं. आतून उष्ण, कोंदट हवा तोंडावर आली. शालूबाई सतरंज्या काढून वळल्या असतील तेवढ्यात रुद्राणी आत शिरली होती आणि कडी लागल्यावरही ओरडली नव्हती. ओरडायचं नाही, असं सांगितलं होतं ना. सर्वांत लांबच्या कोपऱ्यात ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे पडलेले, घामानं भिजून चोचीचा लगदा झालेला. श्वास भराभर चालला होता. पण चालला होता.

बसाप्पा खाली बसले. इतका वेळ आवरून धरलेलं सगळं त्यांच्या डोळ्यांतून वाहायला लागलं. त्यांनी दोन्ही हात आत घातले. "रुदू! ये, ये गं माझी सोनू, ये."

रुद्राणी आणखी मागं सरकली. दोन्ही तळहात तिनं तोंडावर गच्च दाबले आणि डोळे मिटून घेतले.

बसाप्पांचे हात तसेच राहिले. "असं का करती ही? बाई, मला भिती ही?"

अनुजाला रडू कोसळलं. काय सांगायचं या माणसाला? तिनं चिपट्यात मूठभर दाणे घातले आणि ते त्यांच्या हातात दिलं. "नावानं बोलावू नका. मापा. लाभ म्हणा."

दुकानात तो शब्द बसाप्पांनी हजारदा म्हटलेला. "लाभ," ते म्हणाले आणि दाणे आपल्याच तळहातावर ओतले. मग रुद्राणी रांगत बाहेर आली. तिनं आधी दाणे बघितले, मग हात बघितला, मग वर तोंडाकडं बघितलं.

"अज्जा, तुम्ही घार न्हाय न्हवं?"

"न्हाय बाळ," बसाप्पा म्हणाले. "मी अज्जा हाय."

शालूबाईंनी तिला पाणी पाजलं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं आणि कोपऱ्यात जाऊन पदरात तोंड घालून रडल्या. हळूहळू पोरीच्या गालावर रंग आला. अनुजा माफी मागत होती. शब्द एकमेकांत अडकत होते. बसाप्पा शिव्या देतील, बालवाडी बंद पाडतील, पोलिसात जातील, काहीही करोत, असं तिला वाटत होतं. त्यांनी नातीला खांद्यावर घेतलं आणि दारात क्षणभर उभे राहिले.

"पोरगी ऐकती तुमचं, बाई," ते म्हणाले. "लई ऐकती."

ते गेटकडं चालू लागले. खांद्यावरून रुद्राणीचं तोंड मागं, अनुजाकडंच होतं. अनुजानं डोळे पुसले, शक्य तितकी हसली आणि हात हलवला.

"रुद्राणी, उद्या ये हं!"

पोरीनं तिच्याकडं बघितलं, दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि अज्जाच्या मानेत लपली.