नाव घ्या, नाती जोडा

आमचे हे तीन दिवसांच्या संवादकौशल्याच्या शिबिराला गेले आणि छातीवर नावाचा बिल्ला लावून परतले. घरात माणसं तीन, तरी बिल्ला आठवडाभर उतरला नाही.

शिबिरात शिकवलं होतं की माणसाला स्वतःचं नाव सगळ्यात गोड लागतं, म्हणून बोलताना समोरच्याचं नाव निदान तीनदा घ्यावं. पहिला प्रयोग शेजारच्या डॉक्टरीणबाईंवर लिफ्टमध्ये झाला. त्या आता जिन्याने जातात.

मला ह्यांच्या कौशल्याशी काही कर्तव्य नव्हतं, मला माझा दादा हवा होता. लेकीचं लग्न महिन्यावर आलेलं, आणि दादाने वर्षभर आमच्या घरात पाऊल टाकलेलं नाही. का, तर त्याच्याच शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात, त्याच्याच गिऱ्हाइकासमोर, ह्यांनी त्याला मशीन कसं दुरुस्त करावं ते समजावलं. ह्यांना बॉबिन कुठे बसते हेही ठाऊक नाही.

"तू मध्ये बोलू नकोस," हे म्हणाले, आणि आम्ही दुकानात गेलो.

आई गेल्यापासून दादाला कुणी नावाने हाक मारलेली नाही. गिऱ्हाइकंसुद्धा दादाच म्हणतात. ह्यांनी दारातूनच खणखणीत नाव घेतलं. दादाच्या हातून स्क्रू पडला. ह्यांनी खुर्ची ओढली, दुसऱ्यांदा नाव घेतलं आणि तुमच्या भावना मला समजतात म्हणून सांगितलं. दादाच्या भावना तेव्हा टेबलाखाली वाकून स्क्रू शोधत होत्या.

"ह्यांना बरं नाही का?" दादाने मला विचारलं. वर्षभरातलं त्याचं पहिलं वाक्य. मग तो उठून शटर ओढायला निघाला. मला लग्नात मामाची जागा रिकामी दिसायला लागली. आणि हे तिसऱ्या नावासाठी श्वास भरून घेत होते.

तेव्हा मी ह्यांचं नाव घेतलं. सत्तावीस वर्षं 'अहो'वर संसार केला, कधी घेतलं नव्हतं. नाव घेतलं आणि म्हटलं, "गप्प बसा."

हे बसले.

शटरला हात लावून दादा माझ्याकडे बघतच राहिला. मग इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. स्टूल माझ्याकडे सरकवून म्हणाला, "बस. तारीख कितवी?"

परतताना हे खुशीत होते. नावात केवढी ताकद असते, पाहिलंस ना, म्हणाले. मी पुन्हा 'अहो'वर आले. ह्यांचं नाव मला लग्नाच्या दिवसासाठी राखून ठेवायचं होतं.